तू, मी आणि फाटकाचा खांब

हिल्डा इबॉट्सनचा मेंढा रात्रभर रूबेन कोट्सच्या मेंढ्यांमध्ये राहून आला, हे हिल्डाला कळलं ते नोव्हेंबरातल्या एका सकाळी, कोंबड्यांना दाणे टाकून झाल्यावर. धुकं असं दाटलेलं की हाताशी असलेला गोठासुद्धा अंदाजानेच ओळखायचा. गोठ्यामागच्या तिच्या छोट्या आवारात मेंढा नव्हता. तिकडे फाटक सताड उघडं आणि साखळी लोंबकळत होती, आणि फाटकापलीकडे, रूबेनच्या खालच्या कुरणात, त्याच्या सगळ्यात निवडक मेंढ्यांच्या मधोमध कर्नलसाहेब उभे होते.

कर्नल हे मेंढ्याचं नाव. लेस्टर जातीचा, लांब कानांचा, उंच बाकदार नाकाचा. चालायचाही पेन्शनीत निघालेल्या लष्करी अधिकाऱ्यासारखा, सगळ्या जगावर नाराज. त्या सकाळी मात्र स्वारी भलतीच प्रसन्न दिसत होती.

तिने त्याला शिंगाला धरून ओढलं असतं, पण लेस्टरला शिंगं नसतात. मग मानेची लोकर दोन्ही मुठींत धरून, मागून गुडघा देत, शिव्या घालत तिने तो आपल्या हद्दीत आणला, गोठ्यात कोंडला आणि धावत येऊन साखळी अडकवली. काल दुपारी गवत टाकल्यावर आपण ती अडकवली होती की नाही? अडकवली होती, असं तिला वाटत होतं. पण नवरा, विल्फ, गेल्यापासून तिला अशी बरीच कामं केल्यासारखी वाटायची आणि ती केलेली नसायची.

साखळीवरून हात काढते न काढते तोच धुक्यातून शीळ ऐकू आली. काखेत पाव आणि वर्तमानपत्र घेऊन रूबेन येत होता.

“काय गं, धापा कसल्या टाकतेयस सकाळी सकाळी?”

“कोंबडी पळाली होती,” हिल्डा म्हणाली.

“सापडली?”

“सापडली.”

रूबेनने पाव फाटकावरून तिच्या हातात दिला. मग बराच वेळ तो साखळीकडेच बघत राहिला. “ही नीट लागते ना गं?” त्याने विचारलं.

“न लागायला काय झालं? चांगली लागते.”

“मग ठीक,” म्हणून तो गेला. शीळ घालायचं विसरून गेला. हिल्डा पाव छातीशी धरून तिथेच उभी राहिली. खरं सांगायचं तर तेवढ्यातच सांगायला हवं होतं. ‘रूबेन, माझा मेंढा तुझ्या कुरणात शिरला होता रे,’ बस्स, एवढंच. पण एकदा कोंबडी म्हटल्यावर लगेच तिचा मेंढा कसा करायचा?

दुसऱ्या कुणाचं कुरण असतं तर तिला एवढं काही वाटलं नसतं. मेंढे भिंती ओलांडतात, फाटकं ढकलतात, तो त्यांचा स्वभावच. पण रेवनबेकच्या त्या खोऱ्यात इबॉट्सन आणि कोट्स या दोन घरांनी चाळीस वर्षं एकमेकांशी अबोला धरला होता, तो नेमका अशाच एका मेंढ्यापायी. हिल्डाच्या सासऱ्याचा मेंढा बांध ओलांडून रूबेनच्या बापाच्या मेंढ्यांत गेला होता. म्हाताऱ्या कोट्सने विचारलं, तेव्हा सासरा म्हणाला, माझा नव्हेच. वसंतात कोकरं झाली, तेव्हा सगळ्यांना चेहऱ्यांवरून बाप कळला. मेंढा गेला ते म्हातारा कोट्स विसरलाही असता, पण तोंडावर खोटं बोलले ते तो मरेपर्यंत विसरला नाही. पुढे विल्फ आणि रूबेन एकाच शाळेत, एकाच बाकावर बसून मुके राहिले. चॅपेलमध्येसुद्धा एक उजवीकडे बसायचा, दुसरा डावीकडे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी विल्फ गेला. शवपेटी उचलणाऱ्यांपैकी एकाची ऐन वेळी कंबर धरली. कुणीतरी शोधाशोध करतंय तोवर रूबेन डावीकडच्या बाकावरून उठला, कुणाला काही न विचारता येऊन त्याने मोकळी बाजू खांद्यावर घेतली. दुसऱ्या सकाळी तो फाटकाशी पाव घेऊन हजर. त्या दिवसापासून रोज. फाटक ओलांडून मात्र तो कधी आत आला नाही, आणि हिल्डानेही ये म्हटलं नाही. कोट्सचं पाऊल इबॉट्सनच्या अंगणात पडायचं नाही हे दोघांच्याही हाडात भिनलेलं. पण दगडी खांबाच्या अलीकडे ती, पलीकडे तो, अशा त्या चार गप्पांवर तिचा दिवस निघायचा. खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला तिचं घर. त्याच्याशी बोलली नाही तर शुक्रवारपर्यंत ती कुणाशीच बोलायची नाही.

आता कळलं असेल बाईला घाम का फुटला ते.

मेंढ्यांच्या धंद्यात हंगामाला मेंढ्याच्या छातीला रंग फासतात. ज्या मेंढीवर तो चढतो तिच्या पाठीवर रंग उमटतो, आणि कुणाचं कधी जमलं ते मालकाला कळतं. कर्नलच्या छातीला तिने अजून रंग लावलाच नव्हता. त्यामुळे रूबेनच्या मेंढ्यांवर खूण म्हणून उरली नाही. दोनच दिवसांत रूबेनने आपला काळ्या तोंडाचा, वळणदार शिंगांचा अस्सल स्वेलडेल जातीचा मेंढा त्यांच्यात सोडला, आणि आठवड्याभरात सगळ्या जणी मागून लालभडक झाल्या. कोणती कुणाची हे आता एप्रिलातच कळणार होतं. पण एप्रिलात कळणार म्हणजे कळणारच. कर्नलचं ते नाक काही लपणारं नव्हतं.

आणि रूबेन रोज सकाळी फाटकाशी त्याच मेंढ्यांचं कौतुक लावायचा.

“त्या चौघी आहेत ना गं, भिंतीकडच्या? यंदा त्यांची नर कोकरं शरदातल्या बाजारात नेणार. बघच तू. लोक वळून वळून बघतील.”

“बघतील ना,” हिल्डा म्हणायची, आणि मूग गिळून पाव घेऊन आत जायची.

डिसेंबर असा गेला. जेवण जाईना, झोप येईना. शेवटी तिने ते सांगितलं, आणि सांगितलं कुणाला, तर मेबल प्रॅटला.

मेबल दर शुक्रवारी गाडी घेऊन अंडी गोळा करायला यायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खोऱ्यातलं शेंबडं पोर सांगेल, आणि हिल्डाला तर ते शाळेपासून ठाऊक. पण मन फारच भरून आलं की माणूस ते रितं करतो समोर असेल त्याच्यापाशी, आणि समोर होती मेबल.

“मेबल, एक सांगू? पण तुझ्यामाझ्यात आणि ह्या फाटकाच्या खांबात राहिलं पाहिजे.” गुपित सांगताना त्या खोऱ्यात असंच म्हणतात.

मेबलने अंड्यांचा ट्रे अलगद खाली ठेवला. “हिल्डा! मला तू आज ओळखतेस का?”

“ओळखते म्हणून तर म्हणते.”

“बरं, राहिलं. तू, मी आणि खांब. बोल.”

हिल्डाने सगळं सांगितलं. मेबल मधे मधे “अगं बाई” म्हणत राहिली, डोळे मोठे करत राहिली, आणि शेवटी हिल्डाचा दंड दाबून म्हणाली, “माझ्या पोटात गेलं ते गेलं.” त्या संध्याकाळी हिल्डाने केकचे दोन जाड तुकडे वर चीज ठेवून खाल्ले आणि ढाराढूर झोपली. सकाळी जाग आली ती या विचाराने, की आपण हे काय करून बसलो.

काय केलं ते फेब्रुवारीत कळलं. जनावरांचं खाद्य घेऊन येणारा ट्रकवाला स्टॅन पोती उतरवून झाल्यावर फाटकाला रेलला, आजूबाजूला पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, तुम्ही ह्या कानाचं त्या कानाला करणाऱ्यांतल्या नाही म्हणून सांगतो. तुमच्यामाझ्यात आणि ह्या खांबात.”

“काय रे?”

“कोट्सच्या कुरणात कुणीतरी मेंढे घुसवले. तीन मेंढे! मुद्दाम. एक विधवा बाई आहे म्हणे, सासऱ्याच्या वेळचा सूड उगवला तिने. रात्री कंदील घेऊन स्वतः हाकत नेले.”

“कोण बाई?”

“नाव नाही सांगितलं कुणी. पण भलतीच आतल्या गाठीची दिसते. तुमच्या ओळखीत आहे का अशी कुणी?”

“नाही बाबा,” हिल्डा म्हणाली. “आणि रूबेनला माहीत आहे?”

“छे! त्याला कोण सांगणार? असल्या गोष्टी ज्याच्या त्यालाच सांगायच्या नसतात.”

पुढच्या रविवारी चॅपेलमध्ये तिने डोळे उघडे ठेवले. रूबेन आत आला तसे बोलणारे गप्प झाले. तो बसल्यावर मागच्या बाकावर दोघांनी एकमेकांना कोपराने ढोसलं, आणि प्रार्थना संपल्यावर कुणीतरी त्याला मुद्दाम विचारलं, “मग रूबेन, यंदाची कोकरं कशी काय?” त्याने आपलं भोळेपणाने भिंतीकडच्या चौघींचं पुराण लावलं, आणि ऐकणारे ओठ आवळून माना डोलावत राहिले.

इतके दिवस हिल्डाला भीती होती ती स्वतःची. रूबेन यायचा बंद होईल, सकाळी फाटकाशी कुणी नसेल. आज तिला वेगळंच लागलं. ज्या माणसाने न बोलावता तिच्या नवऱ्याला खांदा दिला, अख्खं खोरं त्याचं हसं करत होतं, आणि ते तिच्यामुळे. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. पहिलं कोकरू पडायच्या आत सांगायचं, तिने ठरवलं.

ठरवणं सोपं असतं. मार्चभर ती रोज वाक्य जुळवून फाटकाशी जायची, आणि रोज ते पावाबरोबर घरात परत घेऊन यायची.

एप्रिल लागला. एका सकाळी रूबेन आलाच नाही. हिल्डा फाटकाशी थांबली. शीळ नाही, काही नाही. कुणीतरी सांगितलं त्याला, तिच्या मनात आलं. मग भिंतीकडे नजर गेली. रूबेन ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला होता, समोर एक मेंढी आडवी.

हिल्डाने साखळी काढली, पलीकडे जाऊन पुन्हा नीट अडकवली, ओढून बघितली आणि धावली.

“डोकं आलंय, पाय मागे अडकलाय,” रूबेन वर न बघता म्हणाला. “माझा पंजा जात नाही गं. मगापासून खटपट चालू आहे.”

“सरक,” हिल्डा म्हणाली. बाही वर केली, बादलीतल्या पाण्यात साबणाने हात धुतला आणि आत घातला. मेंढी कण्हली. हिल्डाने डोळे मिटून गुडघा चाचपला, कोवळा खूर तळहातात झाकून धरला आणि हळूहळू पुढे आणला. “आता ओढ. सावकाश. तिच्या कळेबरोबर.”

कोकरू सुळकन गवतात आलं. रूबेनने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, गवताच्या मुठीने छाती चोळली. कोकरू शिंकलं, मान हलवली, आणि दोन लांबच लांब ओले कान दोन्हीकडे पडले. तोंड तपकिरी ठिपक्यांचं. आणि नाक! जन्माला येऊन मिनिट झालं नव्हतं आणि जगावर नाराज होतं.

मेंढी आपली चाटायला लागली; तिला बापाशी काही देणंघेणं नव्हतं.

“रूबेन,” हिल्डा म्हणाली, “हे माझ्या कर्नलचं आहे. नोव्हेंबरात फाटक माझ्याकडून उघडं राहिलं. तो रात्रभर तुझ्या मेंढ्यांत होता. मी सकाळी ओढून नेला आणि तुला कोंबडी म्हणाले. सासऱ्याने केलं तेच मी केलं. तुला राग आला असेल तर आत्ताच काय ते बोल, पण उद्यापासून गप्प होऊ नकोस. ते मला सोसणार नाही.”

एका दमात सगळं बोलून टाकलं तिने. हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेला, आणि नाक पुसायलाही सोय नव्हती.

रूबेन कोकराकडेच बघत होता. कान तांबडे झाले होते त्याचे. “तुझ्याकडून नाही राहिलं,” तो म्हणाला.

“काय?”

“फाटक. तुझ्याकडून नाही राहिलं. मी उघडं टाकलं.”

आता ह्या वाक्याचं वजन कळायला रूबेनच्या फाटकांवरचे बोर्ड बघायला हवेत. त्याच्या प्रत्येक फाटकावर पांढऱ्या रंगात हातभर अक्षरं: फाटक लावा. एकावर तर खाली लिहिलेलं, गाढवांनो. फाटक उघडं टाकलं म्हणून त्याने एकदा भर रस्त्यात पाद्रीबाबांना फैलावर घेतलं होतं.

“तू?” हिल्डा म्हणाली. “अख्ख्या खोऱ्याला फाटकांवरून झोडपणारा तू?”

“हळू बोल ना गं!”

“इथे कोण आहे ऐकायला? मेंढ्या?”

“सकाळी अंथरुणातच आठवलं, साखळी अडकवल्याचं काही आठवत नाही. शीळ घालत, काही झालंच नाही असा आलो, तर लागलेली. म्हटलं वाचलो. मग बघतो तर तू धापा टाकतेयस, आणि म्हणतेस कोंबडी. हिल्डा, कोंबडीच्या मागे धावून कुणाच्या मुठीत लोकर येत नाही.”

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?”

“तेव्हाच.”

“आणि त्या चौघींचं रोजचं पुराण? चॅपेलमध्येसुद्धा?”

“मग काय बोलणार? गप्प राहिलो असतो तर तुला संशय आला असता.”

हिल्डा गवतात बसकण मारून बसली. पाच महिने. पाच महिने ही बाई झुरली आणि पलीकडे हा बुवा झुरला, मधे एक फाटक. “पण मेल्या, तू माझ्या फाटकाशी काय करत होतास? तेही संध्याकाळी?”

यावर रूबेनने कोकराला पुन्हा चोळायला घेतलं, आता काही गरज नव्हती तरी. “ते सांगायला लागेल म्हणून तर बोललो नाही,” तो पुटपुटला.

“बोल.”

“विल्फ गेल्यापासून येतो. रोज. अंधार पडायच्या सुमाराला. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लागला, तू हलताना दिसलीस, की जातो. गोठा आडवा येतो ना, इकडून खिडकी दिसत नाही, म्हणून चार पावलं आत यावं लागतं.” कोकरू मेंढीकडे सरकवत तो म्हणाला, “इतक्या वर एकटी राहतेस. पडलीबिडलीस तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही. म्हणून आपलं.”

हिल्डाला दोन हिवाळे हेच भय होतं. जिन्यावरून उतरताना दर खेपेला ती कठडा घट्ट धरायची आणि मनात म्हणायची, आत्ता पडले तर सकाळ किती लांब. कुणाला बोलली नव्हती ती हे, मेबललासुद्धा नाही. आणि हा माणूस रोज गोठ्याच्या कोपऱ्याशी उभा राहून तिचा दिवा लागायची वाट बघत होता. तिचा जीव असा काही भांड्यात पडला की तिला रडूच फुटलं, आणि रडता रडता ती हसायला लागली.

“राग नाही ना आला?” रूबेनने घाबरून विचारलं.

“आलाय तर! दोन वर्षं थंडीत उभा राहतोस, दार वाजवायला काय झालं होतं? आज संध्याकाळी चहाला ये. दारातून ये. आणि येताना फाटक लाव.”

रूबेन हसला. मग एकदम गंभीर झाला. “हिल्डा, मेंढ्याचं कुणाला कळलंय का गं?”

“सगळ्यांना.”

“सगळ्यांना?”

“माझ्या बाजूचं सगळ्यांना. मी मेबलला सांगितलं होतं.”

“मेबलला! अगं, त्यापेक्षा चॅपेलची घंटा वाजवायची होतीस!” त्याने कपाळाला हात लावला. “आणि फाटकाचं?”

“ते तू आत्ता सांगतोयस.”

“तुझ्यापाशीच ठेव गं. वाटल्यास मी गुडघे टेकतो, टेकलेलेच आहेत. ते कळलं तर मला सगळे बोर्ड उतरवायला लागतील. पाद्रीबाबा तर प्रवचनच देतील.”

हिल्डाने काही वचनबिचन दिलं नाही. तिने दुसऱ्या मेंढीकडे बोट केलं; तीही जागा शोधत गोल गोल फिरायला लागली होती. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत भिंतीकडच्या चौघींपैकी तिघींनी कर्नलची नाकं जन्माला घातली, आणि चौथीने एक काळ्या तोंडाचं अस्सल कोकरू देऊन रूबेनची लाज राखली.

शुक्रवारी मेबल आली ती गाडीचं दार लावायचंही विसरून.

“झाली म्हणे कोकरं! मग? कळलं त्याला? काय म्हणाला? ओरडला?”

“मीच सांगितलं. नाही ओरडला.”

“नाही ओरडला? रूबेन कोट्स? उघड्या फाटकावरून?” मेबलचा चेहरा पार पडला. मग तिने डोळे बारीक केले. “हिल्डा, तू तेव्हा म्हणाली होतीस, साखळी लावल्यासारखं वाटतं म्हणून. मग उघडलं कुणी गं फाटक? काहीतरी आहे. तू हसतेयस.”

होतं ना. जिभेच्या अगदी टोकावर होतं. बोर्ड, पाद्रीबाबा, गोठ्याचा कोपरा, सगळं. असा ऐवज मेबलला जन्मात मिळाला नसता. हिल्डाला स्वतःला ते कुणालातरी सांगावंसं इतकं वाटत होतं, की गेल्या हिवाळ्यातलं ते मेंढ्याचं गुपितही असं टोचलं नव्हतं. पण ते टोचणं वाईट होतं, हे गोड होतं.

“मीच विसरले,” ती म्हणाली. “वय झालं, दुसरं काय.”

“होतं गं असं,” मेबल हळहळली. खोऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत आता हिल्डाच्या विसरभोळेपणाची वार्ता जाणार, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. “पण जपून राहा बाई. इतक्या वर एकटी राहतेस. उद्या काही झालं तर कुणाला पत्तासुद्धा लागायचा नाही.”

“खरं आहे गं,” हिल्डा म्हणाली, आणि अंड्यांचा ट्रे तिच्या हातात दिला.